अजिंठ्याचा घाट आणि औद्योगिकीकरण

(अजिंठा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



औद्योगिकीकरणाचा विषय निघाला की मँचेस्टरपासून, फार तर मुंबईच्या गिरणगावापासून आरंभ करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. अजिंठ्यात बसून तसे करण्याचे कारण नाही. हे गाव डोंगराच्या माथ्यावर वसलेले आहे. उत्तरेला घाट उतरून फर्दापूर ओलांडले की खानदेश सुरू होतो आणि साठ-सत्तर किलोमीटरवर जळगाव लागते. दक्षिणेला सिल्लोडवरून नव्वद-शंभर किलोमीटर गेले की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर उत्तरेकडे जाऊन तापीला मिळते. येथल्या तरुणाची रोजगाराची वाट मात्र आता दक्षिणेला, चिकलठाणा आणि वाळूजकडे जाते. या दोन उतारांमध्ये दीडशे वर्षांच्या आर्थिक इतिहासाचा एक मोठा भाग सामावलेला आहे, आणि तो अभ्यासल्यावाचून येथल्या श्रमिकांचे प्रश्न नीट उलगडणार नाहीत.

लेणी पाहावयास येणारा प्रवासी चित्रे पाहतो, राजे आणि राण्या पाहतो. ही कामे कोणी केली हे त्याला कोणी सांगत नाही. सोळाव्या लेण्याचा दाता वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव होता हे शिलालेखावरून कळते. दगड फोडणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. तथापि प्राचीन काळी कारागीर अगदीच असंघटित होता असेही नव्हे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांतले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे विश्वासाने ठेवतो! आजच्या पतसंस्थांचा अनुभव घेतलेल्यांना हे वाचून थोडे आश्चर्यच वाटेल. अर्थात त्या समाजाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. जातीने बांधलेला कारागीर स्वतंत्र नव्हता. परंतु कापूस पिकवणारा, सूत काढणारा आणि कापड विणणारा एकाच मुलखात नांदत होते. पैठण आणि तेरचा माल भडोचच्या बंदरातून परदेशी जात असे व तेरहून जाणाऱ्या मालात कापड होते, ही गोष्ट पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. औद्योगिक क्रांतीने पहिला घाव घातला तो नेमका या सांध्यावर.

इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस लागे तो बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिण भागातून, गुलामांच्या श्रमातून येई. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध झाले, कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाड-खानदेशावर खिळली. भाव चढले, शेतकऱ्याच्या हाती काही काळ पैसा खुळखुळला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून पुढे गेली. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे तेवढी शिल्लक राहिली. मँचेस्टरमधील गिरणीचा भोंगा आणि खानदेशातील शेतकऱ्याची कर्जाची खतावणी यांचा संबंध तेव्हा प्रथम जुळला. तो आजतागायत तुटलेला नाही. मँचेस्टरची जागा आता न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराने घेतली आहे एवढेच.

घाटाखाली या घडामोडीतून निदान काही उद्योग उभे राहिले. १८७०च्या दशकात जळगावला मुळजी जेठा यांची खानदेश मिल निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल झाली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गावोगाव दिसू लागले. घाटाच्या वर निजामाचे राज्य होते. तेथेही यंत्र आलेच नाही असे नाही. १८८९ साली औरंगाबादला सूतकताई आणि विणाईची गिरणी सुरू झाली, तिच्यात सुमारे सातशे माणसे कामाला होती. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे सुरू झाली आणि औरंगाबाद-जालना भागात सरकी काढण्याचे कारखाने निघाले. १९०१ साली अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांची संख्या होती १,०१६. एवढ्या विस्तीर्ण कापूसपट्ट्यात यंत्रावर काम करणारी माणसे हजाराच्या घरात! राज्यातील भांडवल आणि सरकारी लक्ष प्रामुख्याने हैदराबाद शहराकडे राहिले. मराठवाड्याने कापूस पुरवावा, ज्वारी पुरवावी आणि सारा भरावा. औरंगाबादच्या हिमरूचे आणि पैठणीचे माग याच काळात एकामागून एक थंडावत गेले, कारण दरबारी गिऱ्हाईक आटले आणि बाजारी गिऱ्हाईक गिरणीच्या कापडाकडे वळले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. विनाअट आला, हे येथील जुनी पिढी अजून आवर्जून सांगते. त्यानंतर जे औद्योगिकीकरण झाले ते शासनाच्या धोरणातून झाले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ साली मागास भागांत कारखाने नेणाऱ्यांना सवलती देणारी योजना आली. १९६६ साली सिकॉम आले. तरीही मराठवाड्याची गाडी हलेना. १९७४ साली विद्यार्थी आणि तरुण रस्त्यावर उतरले, गोविंदभाई श्रॉफांसारख्यांनी विकासाची मागणी संघटित केली. ब्रॉडगेज रेल्वेसारख्या साध्या गोष्टीसाठी या विभागाला वर्षानुवर्षे भांडावे लागले. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरवला, तेव्हा असमतोलाला प्रथमच आकडा मिळाला. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि शहराचे रूप पालटू लागले. १९०१ साली सुमारे ३७ हजार वस्तीचे हे गाव. २०११च्या जनगणनेत ते पावणेबारा लाखांवर गेले होते.

हे कारखाने येथे का आले, याचे उत्तर केवळ 'सवलतींमुळे' असे देऊन भागत नाही. सत्तरीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात कामगार संघटित झाला होता, वेतनवाढीचे करार करून घेत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. या पार्श्वभूमीवर स्वस्त जमीन, विक्रीकराची सूट आणि ज्याच्या घराण्यात कोणी युनियन पाहिलेली नाही असा कामगार, ही तिन्ही एके ठिकाणी मिळत असतील तर भांडवल तेथे जाणारच. अनुशेष भरून काढण्याची मराठवाड्याची न्याय्य मागणी आणि संघटित कामगारापासून दूर जाण्याची भांडवलाची गरज यांची गाठ वाळूजच्या माळावर पडली. आपल्या चळवळीने त्या काळी पहिली गोष्ट जोराने मांडली. दुसरीकडे तिचे पुरेसे लक्ष गेले नाही, हे मान्य करावयास हवे.

म्हणून हे औद्योगिकीकरण वाईटच झाले, असा निष्कर्ष काढणे खोटेपणाचे होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान जमीनधारणांवर एक निबंध लिहिला. तुकडेजोड करून शेतीचा प्रश्न सुटणार नाही, शेतीवर जो अतिरिक्त माणसांचा भार आहे तो उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. खेड्याच्या जातिव्यवस्थेचा विचार केला तर या म्हणण्याचे वजन आणखी वाढते. १९५० साली त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. तेथे शिकलेल्यांना खेड्याबाहेर नोकरीचे दार उघडले, आणि १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्याच्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा ज्याला शहरात आधार होता त्याला त्या दाराचे मोल कळले. कारखान्यात लेथवर शेजारी कोण उभा आहे हे पाहून काम थांबत नाही. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ज्यांना कायम नोकरी मिळाली त्यांनी पक्की घरे बांधली, मुलींना शिकवले, गावाकडच्या विहिरीला पैसा पुरवला. कारखानदारी नको, चरखा हवा, असे ज्यांना वाटते त्यांनी या कुटुंबांशी एकदा बोलावे.

प्रश्न त्यानंतरच्या पिढीचा आहे.

या भागात शेतीत सालगड्याची प्रथा होती, काही ठिकाणी अजून आहे. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला साल ठरे. वर्षाचे धान्य, थोडी रोकड, कपड्याचा जोड आणि आगाऊ उचल. उचल फिटत नसे, म्हणून साल सुटत नसे. ती गुलामीच होती, याबद्दल दुमत नको. पण सालगड्याला मालक कोण हे ठाऊक होते. भांडण झाले तर ते कोणाशी करावयाचे हे त्याला कळत असे. आज त्याचा नातू वाळूजला जातो. यंत्र एका कंपनीचे, माल दुसऱ्या मोठ्या कंपनीसाठी, भरती तिसऱ्या ठेकेदाराकडून, आणि त्या ठेकेदाराने माणसे आणावयास गावातलाच चौथा एक जण नेमलेला. सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' दिला जातो आणि पुन्हा नव्या नावाने, कधी नव्या ठेकेदाराकडे, तोच माणूस त्याच यंत्रावर उभा केला जातो. त्याचा मालक कोण? सालाचा करार निदान बारा महिन्यांचा तरी असे.

ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर होता आणि 'बदली' कामगार होता. साखर कारखान्यांत ऊसतोडीचा मुकादम आहे. तो उचल देतो, कोयता बांधतो, टोळी नेतो. औद्योगिकीकरणाने सरंजामी नाती मोडून टाकली असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. आपल्याकडे पुष्कळदा त्याने ती नाती मोडली नाहीत, तर कामाला लावली. ठेकेदार हा मुकादमाचाच धाकटा भाऊ आहे. त्याच्या खिशात आता मोबाईल आहे एवढाच फरक. १९७० साली कंत्राटी कामगार कायदा झाला. नावात 'नियमन' आणि 'निर्मूलन' असे दोन्ही शब्द होते. प्रत्यक्षात निर्मूलन क्वचितच झाले. कंत्राट रद्द झाले तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात दिला आणि कायम होण्याचा एक मार्ग अरुंद झाला. त्यावर २०१३ पासून 'प्रशिक्षणार्थी' या नावाने कामगार भरण्याची योजना आली. यंत्रावर इतरांइतकेच काम करावयाचे, परंतु त्याला वेतन म्हणावयाचे नाही, विद्यावेतन म्हणावयाचे.

वेळेचा प्रश्नही साधा नाही. ई. पी. थॉम्प्सन या इंग्रज इतिहासकाराने १९६७ सालच्या एका निबंधात दाखवून दिले की, कारखान्याने इंग्लंडच्या कारागिराला प्रथम घड्याळ शिकवले. काम संपेपर्यंत काम करणारा माणूस वेळ संपेपर्यंत काम करू लागला. शेतावरचा दिवस सूर्यावर चालतो, पोळ्याला बैलाबरोबर माणूसही थांबतो. कारखान्यात तीन पाळ्या असतात आणि आठवड्याला पाळी बदलते. सिल्लोड-सोयगावकडचा तरुण शहरात चौघा-पाचांमिळून एक खोली भाड्याने घेतो. एक रात्रपाळीहून येतो तेव्हा दुसरा त्याच अंथरुणातून उठून दिवसपाळीला जातो. गावात मागे उरतात म्हातारी माणसे आणि स्त्रिया. कापसाची वेचणी स्त्रिया करतात, किलोच्या दराने. घरचा पुरुष कारखान्यात गेल्यावर फवारणीपासून बाजारापर्यंतचे काम तिच्यावर येते. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव येत नाही. औद्योगिकीकरणाने शेती 'स्त्रियांची' केली, पण जमीन केली नाही.

हा ताण कधी कधी उघड फुटतो. ९ ऑगस्ट २०१८ रोजी मराठा आरक्षणासाठी झालेल्या बंदमध्ये वाळूजच्या अनेक कारखान्यांची तोडफोड झाली. उद्योजक हादरले, वृत्तपत्रांनी निषेध केला. तो योग्यच होता. परंतु आरक्षणाचा लढा सरकारी नोकऱ्यांसाठी असताना दगड खाजगी कारखान्यांवर का पडले, हा प्रश्न थोड्यांनीच विचारला. ज्या वसाहतींसाठी जमिनी गेल्या त्यांच्या फाटकातून आत जाता येत नाही, गेले तरी कायम होता येत नाही, ही भावना गावागावांत साठलेली आहे. तिला जातीची भाषा मिळते, कारण श्रमाची भाषा देणारी संघटना तेथे पोचलेली नसते.

दुसरी घटना ८ मे २०२०ची. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे जाण्यासाठी रुळांवरून चालत निघाले. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडीखाली सोळा जण मेले. आपल्याच विभागातील उद्योगात आपल्यापेक्षाही अधिक निराधार माणसे राबत आहेत, हे बहुतेकांना त्या दिवशी प्रथम कळले. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या द्या ही मागणी करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, ठेकेदार परप्रांतीयाला आणतो तो तो परप्रांतीय आहे म्हणून नव्हे. त्याला येथे कोणीही नाही म्हणून.

पाण्याबद्दल थोडेसे. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले ते मराठवाड्याच्या शेतीसाठी. त्याच पाण्यावर शहर आणि औद्योगिक वसाहती वाढल्या. २०१६च्या दुष्काळात गावांना टँकर लागले असताना मद्यनिर्मितीचे कारखाने चालू होते. अखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. जे धोरण शासनाने ठरवावयाचे ते न्यायालयाला ठरवावे लागले.

आता पुन्हा कापसाकडे. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचा सदरा. सरकीचे तेल आणि ढेप. या साखळीतील पहिली कडी सिल्लोड-सोयगावच्या शेतात आहे, फार तर जिनिंगपर्यंत ती जवळपास राहते. गाठी बांधल्या की त्या कोईमतूरला जातात, गुजरातला जातात, बांगलादेशात जातात. शेतकरी कापूस विकतो, आणि ढेप व सदरा विकत घेतो. तीनही वेळा भाव दुसरा कोणी ठरवतो. म्हणजे दीडशे वर्षांनंतर आणि एवढी मोठी औद्योगिक वसाहत शंभर किलोमीटरवर असूनही, या भागातून कापूस कच्चा बाहेर जातो आणि माणूसही कच्चाच बाहेर जातो. कौशल्य, नफा आणि निर्णय तिसऱ्याच ठिकाणी राहतात. वाळूजला दुचाकी निघाल्या, औषधे निघाली, बिअर निघाली. अजिंठ्याच्या शेतात पिकणाऱ्या वस्तूशी त्या उद्योगाचे नाते जवळजवळ नाही. २०१९ साली शेंद्रा-बिडकीनच्या सुमारे दहा हजार एकरांवरील 'ऑरिक' या नव्या औद्योगिक नगरीचे कार्यालय थाटात सुरू झाले. २०२४ साली तेथे विजेवरच्या वाहनांच्या मोठमोठ्या प्रकल्पांच्या घोषणाही झाल्या. त्या प्रत्यक्षात आल्या तर स्वागतच आहे. पण या नात्याचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही.

दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला नाही असे नव्हे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पिकवणारा प्रथमच प्रक्रियेचा मालक झाला. गाडगीळ औद्योगिक इतिहासाचे अभ्यासक होते. कच्चा माल विकणाऱ्या मुलखाचे काय होते हे त्यांना ग्रंथांतून आणि अनुभवातून ठाऊक होते. पुढे सहकाराचे सम्राट झाले, ही गोष्ट वेगळी. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कारखान्याचा सभासद मालक झाला तरी ऊस तोडणारा मजूर मजूरच राहिला. कापसात १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना आली. सरकारने कापूस घेतला, पण सूत आणि कापड यांची साखळी बांधली नाही. तोटा वाढला, वशिलेबाजी वाढली आणि २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली. सहकारी सूतगिरण्यांतील अनेक भागभांडवल गिळून बंद पडल्या. डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीला लहान यंत्राचा विचार मांडला होता. समाजवाद्यांनी त्याची आठवण पुष्कळ काढली. एखाद्या तालुक्यात तो करून दाखवण्याचे काम मात्र केले नाही. आज वीज आहे, रस्ते आहेत, लहान क्षमतेची सूतकताईची आणि तेलघाण्याची यंत्रे मिळतात. अडचण यंत्राची नसून पतपुरवठ्याची, बाजारपेठेची आणि हिशेबाच्या सचोटीची आहे. त्यांतली शेवटची तरी आपल्या हातातली आहे.

साखळी बांधावयास वर्षे लागतील. दरम्यान जो तरुण उद्या पहाटेच्या एस.टी.ने वाळूजला जाणार आहे त्याच्यासाठी काय करावयाचे? संसदेने २०१९ व २०२० मध्ये चार श्रमसंहिता संमत केल्या. कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेण्यात आली. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्यासाठी लागणारी संख्या वीसवरून पन्नास झाली. लहान ठेकेदार त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर जातो, आणि मोठा ठेकेदार स्वतःचे तुकडे पाडून लहान होतो. परंतु एक तरतूद १९७०च्या कायद्यात होती ती २०२०च्या संहितेतही राहिली आहे: ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. ही गोष्ट फार थोड्या कामगारांना माहीत असते. ती वापरावयाची तर माणूस त्या फाटकातून आत गेला होता याचा पुरावा लागतो. हजेरीपत्रकाची छायाप्रत, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, पगाराची चिठ्ठी, निदान फाटकावरच्या पासाचे छायाचित्र. प्रत्येक गावात वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याला जाणाऱ्यांची एक वही ठेवावी: नाव, कारखाना, ठेकेदार, कामाला लागल्याची तारीख, 'ब्रेक' दिल्याची तारीख. अजिंठा, शिवना, फर्दापूर, सोयगाव या चार ठिकाणांपासून आरंभ करता येईल, आणि वेचणी संपून माणसे शहराकडे निघण्यापूर्वी तो झाला पाहिजे.